गोळी झाकेल एवढी दारू? तळहाताच्या मापाचा खुलासा

अमेरिकेत ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, रायफली आजही हौसेने वाजवल्या जातात, आणि त्यांच्याबरोबर एक जुना सल्ला फिरत असतो: गोळी तळहातावर ठेवा, ती झाकेल एवढी काळी दारू (बंदुकीची जुन्या पद्धतीची स्फोटक पूड) ओता, तेच योग्य माप.

हाताशी माप नसेल तेव्हा हा सल्ला पटणं साहजिक आहे. पण तो पडताळायला दारूही लागत नाही. सपाट तळहातावर गोटी ठेवा, झाकेपर्यंत रवा ओता, रव्याचं वजन करा. मग तळवा जरा खोलगट करून पुन्हा तेच करा. सपाट हातावर ढीग पसरतो, खोलगट हातात थोडक्यात भागतं. गोटी एकच, वजनं दोन! बंदुकीच्या बाबतीत एवढा फरक चालत नाही.

मोठ्या बोअरला, म्हणजे रुंद नळीच्या बंदुकीला, तर हे जास्तच नडतं. ५० कॅलिबरची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची, गोल गोळी साधारण ११.५ ग्रॅमची. ४ बोअरची (म्हणजे पौंडात चार बसतील अशी) पाव पौंडाची, म्हणजे ११३ ग्रॅम. व्यास दुपटीहून थोडाच जास्त, वजन मात्र जवळपास दहापट. झाकणारा ढीगही तसाच फुगतो. बंदूक काही दहापट जड होत नाही, आणि धक्का सोसणारा खांदा तोच असतो.

माप शोधायचं ते बंदूक बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेतच. खालच्या मापापासून सुरुवात करून थोडं थोडं वाढवायचं, प्रत्येक मापाचे पाच बार कागदावर काढायचे. छिद्रं सर्वांत जवळ पडतात ते आपलं माप. कमाल मर्यादा गाठायलाच हवी असं नाही. आधुनिक काडतुसांतली बिनधुराची दारू मात्र ठासणीच्या नळीत चिमूटभरही नको, तिच्या दाबाने नळी फुटू शकते.