वितंडवाद हा शब्द आला कुठून?

टीव्हीवरच्या चर्चेत आवाज चढले की आपण म्हणतो, 'हा नुसता वितंडवाद.' आज जवळजवळ शिवीसारखा वापरला जाणारा हा शब्द मुळात शास्त्रातला आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतल्या गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या ग्रंथात, वादविवादाचे तीन प्रकार येतात. खरे काय ते कळावे म्हणून गुरुशिष्यांत किंवा सहाध्यायांत चालतो तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे फक्त खोडत राहणे, ही वितंडा. आरडाओरड्याचा इथे संबंधच नाही. हळू आवाजात, अगदी नम्रपणेही वितंडा करता येते.

जल्पात छल, म्हणजे शब्दांची ओढाताणही चाले. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात दिलेले उदाहरण मराठी माणसाला लगेच कळेल. मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे, असे कुणी म्हणाले की समोरचा विचारतो, 'नऊ कुठे? एकच तर दिसते!'

वादात मात्र मुद्दा पाच पायऱ्यांनी सिद्ध करावा लागे. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'तून पाठशाळेतली मुले हेच शिकत आली. खरी मेख तिसऱ्या पायरीत आहे. 'जिथे आग तिथे धूर' असे उलटे म्हणाल तर फसलात: तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो.

वैद्यांनाही हे शिकावे लागे. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात सलोख्याची संभाषा, म्हणजे चर्चा, आणि भांडणाची संभाषा वेगळ्या सांगितल्या आहेत. दुसरीत उतरण्याआधी प्रतिस्पर्धी आणि सभा दोन्ही जोखून घ्या, असा रोकडा सल्लाही आहे.

मराठीत ज्ञानेश्वरांनी 1290 साली गणेशाचे रूपक मांडले, तेव्हा 'तर्कु तोचि फरशु' म्हणत तर्क त्याच्या हाती शस्त्र म्हणून दिला, आणि संवादाला केले समतेने शुभ्र असा दात.

वितंडेला न्यायसूत्रकारांनी हाकलले मात्र नाही. कोवळे अंकुर राखायला शेताला काट्याचे कुंपण घालतात, तसे तत्त्वाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा, असे ते म्हणतात.