काटा वेगळा, क्रूस वेगळा

गुडघे धरले, की 'माझा क्रूस'. साखर वाढली, की 'माझा क्रूस'. नवरा रोज पिऊन येतो, हात उचलतो, तर तोही 'क्रूस'. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत ख्रिस्ती घरांत हा शब्द इतक्या दुखण्यांना लावला जातो की त्याची धार बोथट झाली आहे. बोलणाऱ्याची श्रद्धा खरी असते, म्हणून ही गल्लत जास्त सलते. बायबलमध्ये दुःखाला एकच खण नाही. येशूने सांगितलेला क्रूस आणि त्याचा प्रेषित पौल याने सांगितलेला काटा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काट्याला क्रूस समजलं, तर औषधपाणी राहून जातं. आणि खरा क्रूस उचलायची वेळ येते तेव्हा माणूस म्हणतो, 'माझ्या वाट्याला आधीच एक आहे.'

कॅथलिक 'क्रूस' म्हणतात, प्रॉटेस्टंट 'वधस्तंभ' म्हणतात. त्यात फरक काही नाही, त्यावर वाद घालत बसू नये.

क्रूस काय असतो हे वाचकाला सांगायला नको. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाचे टप्पे, प्रार्थनेत चालणाऱ्यांना चौदाही स्थानं तोंडपाठ असतात. फक्त एका क्रियापदाकडे पाहा. मार्कच्या शुभवर्तमानात, आठव्या अध्यायाच्या चौतिसाव्या वचनात (मार्क 8:34), येशू 'क्रूस उचलावा' असं सांगतो. लूक 9:23 मध्ये त्याला 'दररोज' जोडलेलं आहे. उचलणं ही करायची गोष्ट आहे. ती आपोआप होत नाही.

आता काटा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सांगतो की त्याच्या देहात एक काटा 'देण्यात आला'. त्याने तो मागितला नाही, उचलला नाही. मूळ ग्रीक शब्द 'स्कोलॉप्स' म्हणजे अणकुचीदार काटा, कुसळ, किंवा टोक काढलेला खुंटसुद्धा. तेव्हा ही बोरीच्या काट्याची किरकिर नव्हती. तो नेमका काय होता, डोळ्यांचा आजार, ताप की विरोधकांचा जाच, हे पौल सांगत नाही. ते बरंच झालं, कारण त्यामुळे कोणाचंही दुखणं त्या ओळीत बसतं. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. हा काटा निघावा म्हणून त्याने प्रभूला तीन वेळा विनवलं. 'का मागतोस, निमूट सोस' असं त्याला कोणी म्हटलं नाही. उत्तर आलं ते असं की काटा राहील, पण माझी कृपा तुला पुरेशी आहे, आणि माझं सामर्थ्य दुर्बळपणातच पुरं होतं.

काटा की क्रूस हे ओळखायची खूण एकच: हे मला आत्ता, या क्षणी खाली ठेवता येईल का? ठेवता येत असूनही केवळ ख्रिस्तासाठी आणि शेजाऱ्यासाठी ठेवत नसाल, तर तो क्रूस. ठेवताच येत नसेल, तर तो काटा.

किनाऱ्यावरचंच उदाहरण घ्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा हंगाम. शेजारची बोट रात्री गुपचूप जाऊन येते. बंदी असलेले एलईडी दिवे लावून कोणी एका रात्रीत टोपल्या भरून आणतो. एखादा ख्रिस्ती तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणतो, मी जाणार नाही, हे चोरीचं आहे. त्याला तोटा होतो, बोटीचा हप्ता थकतो, लोक मूर्खात काढतात. मन बदललं तर तो उद्या पहाटे जाऊ शकतो, तरी जात नाही. हा क्रूस. त्याच तांडेलाची बोट वादळात खडकावर आपटून फुटली, तर तो काटा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. त्या बागायतदारांनी काहीही उचललं नव्हतं. ते त्यांच्यावर येऊन कोसळलं. 'देवाने शिक्षा दिली' असं म्हणणाऱ्यांनी लूक 13 उघडावा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांहून जास्त पापी होती का, असं येशूच विचारतो आणि 'नाही' असं उत्तरही देतो. जन्मांधाबद्दल योहान 9:3 मध्येही तेच: पाप ना त्याचं, ना आईबापांचं. 'भोग आहेत, भोगायचे' ही भाषा आपल्या बोलण्यात शेजारपाजारहून आली आहे. ख्रिस्ती शिकवणीत ती बसत नाही.

क्रूसाचा ठसठशीत नमुना कोकणातलाच आहे. वसईचे गोन्सालो गार्सिया व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत इतर पंचवीस जणांबरोबर खऱ्याखुऱ्या क्रूसावर मारले गेले. ती वाट त्यांनी निवडली होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षं बायकोमुलापासून दुरावले. तेही निवडलेल्या वाटेवरचं मोल होतं. यांच्या रांगेत आपली संधिवाताची कळ बसवायची नसते. संधिवात हलका आहे म्हणून नव्हे, त्याची जात वेगळी म्हणून.

खाली ठेवता येत असूनही धरून ठेवायचं आणि ठेवताच येत नाही म्हणून सोबत घेऊन जगायचं, या दोन गोष्टींना दोन वेगळी कामं लागतात. क्रूसासाठी निर्धार लागतो: रोज सकाळी 'आजही हो' म्हणायचं. काट्यासाठी आधी उपाय, मग विनवणी, आणि तरी तो राहिलाच तर कृपा, या क्रमानेच जायचं. उपाय करणं म्हणजे विश्वासात कमी पडणं, हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता, दुसरा सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला पौलानेच सांगितलं, आणि तिसरा सोबती त्रफिम याला त्याने मिलेत शहरात आजारी अवस्थेत मागे ठेवलं. पौलाच्या सोबत्यांपैकी सगळेच तडकाफडकी बरे झाले नाहीत.

आपल्याकडे 'अंगावर काढणं' हा शब्दच आहे. भातलावणीत चिखलात पाय असतात, उंदीर-गुरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी पायांच्या भेगांतून शिरतं, मग ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. ही लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लक्षणं. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठलं तर साध्या अँटिबायोटिकने काम होतं. चार दिवस अंगावर काढलं तर मूत्रपिंड आणि यकृतावर बेततं. तो ताप 'देवाला अर्पण' करत अंथरुणावर पडून राहणं ही भक्ती नाही. अर्पण करायचं ते उपाय करूनही जे उरतं ते. गोळी खा, सलाईन लावून घ्या, आणि त्या खाटेवरची रात्र अर्पण करा.

विनवणीतही संकोच नको. येशूनेसुद्धा अटकेआधी गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. ज्याने क्रूस उचलला त्यानेही आधी 'टळू दे' म्हटलं. स्तोत्र 88 तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. कॅथलिकांनी आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार वेळेत मागावा. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच सांगितलं की तो फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. मोठ्या शस्त्रक्रियेआधी घेता येतो, म्हातारपणाने खंगल्यावर घेता येतो, दुखणं वाढलं तर पुन्हा घेता येतो. तरी घरचे 'फादर आले म्हणजे संपलं, आजारी माणूस घाबरेल' म्हणून शुद्ध हरपेपर्यंत बोलावत नाहीत. याकोब 5:14 मध्ये मंडळीच्या वडीलजनांना बोलावतो तो आजारी स्वतः. म्हणजे त्याला बोलता येतं तेव्हाच.

आणि जे ना काटा, ना क्रूस, ते म्हणजे दुसऱ्याने चालवलेला अन्याय. मार खाणाऱ्या बाईला 1 पेत्र 2 मधला अन्याय सोसण्याचा उपदेश वाचून दाखवणारे विसरतात की ते शब्द सुटकेचा मार्गच नसलेल्या गुलामांना लिहिलेले आहेत. पौलाला मार्ग होता तेव्हा त्याने तो वापरला: फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं, आणि पुढे कैसराकडे दाद मागितली. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळा, असं मत्तय 10:23 मध्ये येशू सांगतो. कॅथलिक धर्मसंहितेचा नियम 1153 तर स्पष्ट आहे: जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या तनामनाला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहायला वाजवी कारण आहे, आणि उशीर धोक्याचा असेल तर आधी परवानगीसाठी थांबावं लागत नाही. तेव्हा 112 (पोलीस मदत) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) लावा, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. फादरांकडे, पाळकांकडे त्यानंतर गेलं तरी चालतं.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती एकाच खाटेभोवती. घरात सासूबाईंना लकवा झाला आहे. त्यांचा लुळा हात हा काटा. सून दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवते, माकडहाडाशी, टाचांशी, खुब्याशी कातडी लाल झाली का बघते, बोटाने दाबून लाली जाते का पाहते आणि जात नसेल तर तिथे न चोळता भार काढते. हे तिने मनापासून स्वीकारलं असेल तर तो तिचा क्रूस, आणि देवाच्या सेवेत याहून मोठं काही नाही. पण चाकरमानी दीर-जावा नाताळला चार दिवस येतात, तिच्यावर सगळं टाकून जातात आणि जाताना म्हणतात, 'हा तुझा क्रूस, देव बघतोय.' तेव्हा ती मत्तय 23:4 मधली ओझी झाली, दुसऱ्याच्या खांद्यावर बांधून स्वतः बोटही न लावण्याची. म्हणून माझा एक पक्का नियम आहे: 'क्रूस' हा शब्द फक्त स्वतःबद्दल वापरावा. 'माझा क्रूस' म्हणायला हरकत नाही, 'तुझा क्रूस' कधीच म्हणू नये. येशूचा क्रूस वाटेत कुरेनेकर शिमोन या माणसावर लादला गेला हे खरं, पण लादणारे रोमी शिपाई होते. तो नमुना आपण कशाला गिरवायचा?

काट्यातूनही सेवा होते, आणि ती 2 करिंथ 1:4 मध्ये सांगितली आहे: आपल्याला मिळालेल्या सांत्वनाने दुसऱ्याचं सांत्वन करायचं. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा जाणारा माणूस नव्या रुग्णाला सांगू शकतो की पाणी किती मोजून प्यायचं, सुई टोचताना कुठे बघायचं, पहिल्या दिवशी किती थकायला होतं. हे फादर सांगू शकत नाहीत. कलस्सै 1:24 मध्ये पौल ख्रिस्ताच्या दुःखांत जे उणं आहे ते आपल्या देहात भरून काढतो असं म्हणतो. तारणात काही उरलं होतं असा त्याचा अर्थ नाही. मंडळीसाठी सोसायचं काम अजून चालू आहे, एवढाच. खाटेवरूनच नावं घेऊन मध्यस्थीची प्रार्थना करणारी म्हातारी त्या कामात पूर्ण वेळ आहे.

भेटायला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होते, बिघडलं ते तोंड उघडल्यावर. पंधरा मिनिटं बसा, खाटेवर नाही, खुर्चीत. 'देवाची इच्छा' म्हणू नका. 'आज काय दुखतंय' विचारा आणि उत्तर पुरं ऐका. निघताना 'काही लागलं तर सांगा' असं मोघम बोलू नका, 'मंगळवारी रात्री दहा ते पहाटे चार मी बसते, तुम्ही झोपा' असं सांगा, आणि मंगळवारी दहाला या.