भाषेचा कोड म्हणजे देशाचा कोड नव्हे

‘देशाचा कोड टाका, तोच भाषेचा’ हा सल्ला नाशिकमध्ये लेबलं छापणाऱ्यांकडून हमखास ऐकू येतो. आपली द्राक्षं रॉटरडॅम बंदरात उतरतात. नेदरलँड्सचा कोड एनएल, डच भाषेचाही एनएल. त्यामुळे समज पक्का बसला. पण आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या दोन्ही याद्याच वेगळ्या: देशांची आयएसओ ३१६६, भाषांची आयएसओ ६३९. बेल्जियममध्येही डच बोलतात. तिथेही भाषेचा कोड एनएलच, देशाचा मात्र बीई.

जॉर्जियनपाशी तर हा हिशेब साफ फसतो. देश जीई, भाषा केए, कारण तिथले लोक स्वतःच्या भाषेला ‘कार्तुली’ म्हणतात. भाषेच्या रकान्यात जीई टाकलंत, तर त्या यादीत तशी भाषाच नाही. (आणि केए म्हणजे कन्नडही नव्हे बरं का! ते गाड्यांच्या पाटीवरचं कर्नाटक. कन्नडचा कोड केएन.)

तीन अक्षरी कोडात आणखी गंमत. ६३९ यादीच्या दुसऱ्या भागात, म्हणजे ६३९-२ मध्ये, डच आणि जॉर्जियन या दोन्ही भाषांना दोन-दोन कोड आहेत: इंग्रजी नावांवरून डीयूटी आणि जीईओ, जे ग्रंथालयांच्या सूचीत दिसतात, मूळ नावांवरून एनएलडी आणि केएटी. ६३९-३ मध्ये फक्त दुसरी जोडी उरली.

मराठीचा एमआर? देशांच्या यादीत तो मॉरिटानियाचा.