फॉर्म्युला बदलला की बाटली उतरली?

परफ्यूमची जुनी बाटली आणि त्याच नावाची नवी बाटली एकापाठोपाठ हुंगून पाहिली की फरक जाणवतो, आणि खापर लगेच युरोपच्या नियमांवर फुटतं. ‘बंद्या घातल्या आणि वाट लावली!’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. कंपनीने फॉर्म्युला बदलणं वेगळं आणि कपाटात पडून बाटली उतरणं वेगळं. दोन्हींत वास बदलतो, म्हणून घोळ होतो.

गेर्लँ या फ्रेंच परफ्यूम कंपनीचं ‘मित्सुको’ घ्या. जाक गेर्लँने ते १९१९ साली बाजारात आणलं. वर, म्हणजे फवारताच जाणवणारा, बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा वास; मध्ये पीचचा भास आणि जास्मिन; तळाला, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारं, ओकमॉस. ओकमॉस म्हणजे ओकच्या खोडाफांद्यांवर वाढणारं लायकेन, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या कुळातलंच. दगडफूल तेलावर परतताना जो मातकट, किंचित धुरकट वास उठतो, त्यात ओल्या लाकडाची भर घातली की मित्सुकोच्या तळाचा बराचसा अंदाज येतो.

या ओकमॉसच्या अर्कात अट्रानॉल आणि क्लोरोअट्रानॉल असे दोन रेणू असतात आणि काही जणांच्या त्वचेला त्यांची जबर अॅलर्जी होते. म्हणून आधी ‘इफ्रा’ने, म्हणजे सुगंधउद्योगाच्याच संघटनेने, तयार परफ्यूममधल्या ओकमॉसवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. मग युरोपियन युनियनने २०१७ साली कायदाच केला. ऑगस्ट २०१९ नंतर हे रेणू असलेला नवा माल बाजारात आणता येईना, आणि ऑगस्ट २०२१ नंतर जुना माल दुकानातही ठेवता येईना. बंदी ओकमॉसवर नाही, या दोन रेणूंवर आहे. ते काढून टाकलेला अर्क आजही वापरतात, जोडीला एव्हर्निलसारखं कृत्रिम द्रव्य असतं. पण गाळलेल्या अर्काला जुना भारदस्तपणा येत नाही, हे मान्यच करायला हवं.

आता बाटली उतरण्याचं बघू. इथे कायद्याचा काही संबंध नाही. हवा, उजेड आणि उष्णता हे तिघे पुरेसे आहेत. बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गीय तेलांतले लिमोनिन आणि लिनालूल हवेशी संयोग पावतात आणि ताजेपणा जाऊन वर एक उग्र, आंबूस झाक येते. खिडकीजवळच्या ड्रेसिंग टेबलावर आपल्याकडचे चार-पाच मे महिने काढलेल्या बाटलीकडून वेगळी अपेक्षा ठेवू नये. तळाची जड द्रव्यं मात्र सहसा टिकून राहतात. नुसता रंग गडद झाला म्हणून बाटली फुकट गेली असं समजू नका. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य, असलेलं परफ्यूम चांगल्या अवस्थेतही तपकिरी होत जातं.

फरक ओळखायची सोपी युक्ती यातूनच निघते. कागदाच्या दोन पट्ट्यांवर जुनं आणि नवं फवारा; दोन्ही एकाच तीव्रतेची हवीत, ‘ओ द पार्फम’शी ‘ओ द पार्फम’च लावा, नाहीतर सगळाच हिशेब चुकतो. पहिल्या दहा मिनिटांत जुनं खटकलं आणि दोन-तीन तासांनी दोन्ही जवळ आली, तर बाटली उतरलेली आहे. सुरुवात सारखी पण नंतर नव्याचा तळ पातळ, साबणासारखा स्वच्छ लागला, तर फॉर्म्युला बदललाय. बऱ्याचदा दोन्ही झालेलं असतं. मधल्या फुलांच्या वासाचं निदान अवघड, कारण तिथे नियमांचाही हात पोचलेला आहे: लिली ऑफ द व्हॅलीसारखा वास देणाऱ्या लिलिअलवर युरोपात मार्च २०२२ पासून बंदी आहे.

खोका असेल तर फेकू नका. युरोपात २००५ पासून अॅलर्जी करू शकणाऱ्या २६ द्रव्यांची नावं छापणं सक्तीचं झालं. तिथला खोका असून त्यावर ती यादीच नसेल, तर माल बहुधा त्याआधीचा. यादीत ‘ब्युटिलफेनिल मिथाइलप्रोपिओनल’ दिसलं तर ते लिलिअल, म्हणजे बंदीपूर्वीचा माल. ‘एव्हर्निया प्रुनास्ट्री’ म्हणजे ओकमॉस. ते किती आहे हे मात्र खोका सांगत नाही.

मला गंमत वाटते ती ‘अस्सल जुन्या’च्या शौकिनांची. ज्या गडद, खोल मित्सुकोसाठी ते हळहळतात, त्यातला बर्गमॉट अनेकदा केव्हाच मेलेला असतो, म्हणूनच ते इतकं गडद लागतं! १९१९ मध्ये दुकानात ते तसं नव्हतं. जुनी परफ्यूमं मूळच्या रूपात हुंगायची तर व्हर्सायच्या ऑस्मोथेकला जावं लागतं. १९९० साली सुरू झालेल्या या संग्रहात मूळ फॉर्म्युल्यांवरून, शक्य तिथे मूळचीच द्रव्यं घालून परफ्यूमं नव्याने बनवतात आणि आर्गॉन वायूखाली, अंधारात, १२ अंशांवर ठेवतात. फ्रान्स्वा कोतीचं १९१७ चं ‘शीप्र’ही तिथे आहे. ती विकत मिळत नाहीत.

जुनी बाटली विकत घेणारच असाल तर विकणाऱ्याला साल विचारण्याआधी ती इतकी वर्षं कुठे ठेवली होती ते विचारा. पूर्ण भरलेली, खोक्यात राहिलेली १९९० ची बाटली अर्ध्या रिकाम्या २०१० च्या बाटलीपेक्षा सहसा बरी निघते.