क्विनोआ वाणांची तुलना : दाण्याची प्रत आणि प्रथिने

क्विनोआ (शास्त्रीय नाव चिनोपोडियम क्विनोआ, कुल ॲमरँथेसी) या पिकाचे वाण दाण्याचा आकार, वजन, उगवण, कडवटपणा आणि प्रथिने या कसोट्यांवर एकमेकांशी ताडून पाहण्याची पद्धत. क्विनोआ गवतवर्गीय नाही, म्हणून राजगिऱ्याप्रमाणे त्यालाही छद्मधान्य म्हणतात. आपल्याकडचा चाकवत त्याच्याच चिनोपोडियम वंशातला, तर राजगिरा आणि पालक त्याच कुलातले. पेरू-बोलिव्हियातील टिटिकाका सरोवराच्या परिसरात हजारो वर्षांपूर्वी हे पीक माणसाळले. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे आंतरराष्ट्रीय क्विनोआ वर्ष पाळल्यावर ते जगभर पोहोचले. नाशिकमध्ये ते आधी दुकानात आले आणि शेतात नंतर, तेही थोडेच.

दुकानात क्विनोआ रंगावर विकला जातो : पांढरा, लाल, काळा. पण रंग म्हणजे वाण नव्हे. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने दिलेल्या गव्हाच्या वाणांना त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी अशी नावे आहेत आणि शेतकरी ती नावे घेऊनच बियाणे मागतो. क्विनोआच्या पाकिटावर बहुधा वाणाचे नाव नसते. मग ‘लाल क्विनोआत प्रथिने जास्त’ या विधानाला आधार कशाचा? एका पांढऱ्या वाणापेक्षा एखाद्या लाल वाणात प्रथिने जास्त असतील, पण दुसऱ्या पांढऱ्यापेक्षा कमीही असतील.

तुलनेची किल्ली दाण्याच्या रचनेत आहे. गव्हाचा अंकुर दाण्याच्या एका टोकाला असतो. क्विनोआत तो कडीसारखा दाण्याभोवती वळलेला असतो आणि शिजल्यावर पांढऱ्या शेपटीसारखा सुटून दिसतो. प्रथिने आणि तेल मुख्यतः या कडीत असतात. मधल्या भागात स्टार्च असतो. दाणा भरताना ऊन तापले किंवा पाणी तुटले, की स्टार्च कमी भरतो. कडीला मात्र त्या मानाने कमी झळ बसते. परिणामी दाणा पोचट राहतो आणि प्रथिनांची टक्केवारी वाढलेली दिसते. टक्का पाहून वाण निवडणारा अशा वेळी हलका माल चांगला समजून घेतो. म्हणून प्रथिनांच्या आकड्याशेजारी हजार दाण्यांचे वजन लिहिलेले नसेल तर तो आकडा अर्धाच समजावा. क्विनोआचे हे वजन साधारण २ ते ६ ग्रॅम भरते.

आकारासाठी बोलिव्हियाच्या मानकात चाळणीचे वर्ग आहेत : २ मिमीपेक्षा मोठा दाणा अतिमोठा, १.७ ते २ मिमी मोठा, १.४ ते १.७ मिमी मध्यम आणि त्याखालचा लहान. उयुनीच्या मिठागरांभोवती पिकणारा ‘रेआल’ हा गट (तो एक वाण नसून अनेक स्थानिक वाणांचा समूह आहे) टपोऱ्या दाण्यासाठी प्रसिद्ध आहे. पेरूचा ‘सालसेदो इनिया’ पांढरा आणि कमी कडू, ‘पासानकाया’ रंगीत सालीचा, डेन्मार्कमध्ये निवडलेला ‘टिटिकाका’ लवकर तयार होणारा, तर चिलीचा ‘रेगालोना’ समुद्रसपाटीजवळच्या गटातला. टपोरा दाणा बाजारात भाव खातो, पण त्यात प्रथिनांचा टक्का जास्तच असेल असे नाही.

प्रथिनांचे प्रमाण बहुतेक वेळा १२ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान सांगतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत क्विनोआला १०० ग्रॅममागे १३.११ ग्रॅम, बाजरीला १०.९६, अख्ख्या गव्हाला १०.५९ आणि नागलीला ७.१६ ग्रॅम प्रथिने दिली आहेत. राजगिरा क्विनोआच्या बरोबरीचा आहे, आणि हरभऱ्याची डाळ दोघांच्याही कितीतरी पुढे. क्विनोआचे वेगळेपण प्रमाणापेक्षा प्रतीत आहे. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल तोकडे पडते. क्विनोआत ते चांगल्या प्रमाणात असते. प्रथिने मुख्यतः ग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन प्रकारची असल्याने गव्हातल्या ग्लुटेन या चिकट प्रथिनाचा प्रश्नही येत नाही. नागलीच्या भाकरीवर वाढलेल्या सुरगाणा-पेठच्या माणसाला मात्र कोणी क्विनोआ चमत्कार म्हणून विकू नये. नागलीइतका कॅल्शियम क्विनोआत नाही.

दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, त्यामागे बहुधा मोजण्याची रीत असते. प्रयोगशाळा प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्याला एका गुणकाने गुणते. २.२ टक्के नायट्रोजनला ६.२५ ने गुणले तर प्रथिने १३.७५ टक्के येतात. गव्हासाठी वापरतात त्या ५.७ ने गुणले तर १२.५४. दाणा तोच, फरक सव्वा टक्क्याचा. ओलाव्याचेही तसेच. १२ टक्के ओलाव्याच्या दाण्यात १४ टक्के प्रथिने असतील, तर कोरड्या वजनावर ती १५.९ टक्के होतात. दोन वाणांतला फरक अनेकदा याच पट्ट्यात असतो, त्यामुळे गुणक आणि ओलावा न सांगता केलेली तुलना फोल ठरते. २०१९ च्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात क्विनोआसाठी ओलावा कमाल १३ टक्के, प्रथिने कोरड्या वजनावर किमान १० टक्के आणि सॅपोनिन कमाल ०.१२ टक्के असे आकडे आहेत.

सॅपोनिन म्हणजे दाण्याच्या सालीतला कडू पदार्थ. रिठ्याला फेस येतो तो याच वर्गातल्या द्रव्यांमुळे. त्यामुळे कडवटपणाची साधी परीक्षा फेसावरच करतात : थोडे दाणे पाण्यात घालून नळी ठरावीक वेळ हलवायची आणि फेसाची उंची मोजायची. साल काढायला दाणा घासतात किंवा धुतात. गिरणीत तो जास्त घासला गेला तर सालीलगतची कडी झिजते आणि प्रथिने कोंड्याबरोबर जातात. पॉलिश केलेला एक वाण आणि न केलेला दुसरा, यांची तुलना म्हणूनच होत नाही. गोड, म्हणजे कमी सॅपोनिनच्या, वाणांना हा घोळ कमी. मात्र कडूपणा हे पाखरांपासूनचे राखणही असते. गोड वाण लावणाऱ्याला गोफण हाताशी ठेवावी लागते.

वाणांचा क्रम जागेनुसार बदलतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. दहा वाण बोलिव्हियातील पाताकामाया आणि अर्जेंटिनातील एन्कालिया येथे लावले असता, सगळ्यांची प्रथिने एकाच दिशेने वाढली-घटली नाहीत. नाशिकबाबत हे विशेष लक्षात घ्यावे लागते. उयुनी विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आहे आणि नाशिक उत्तरेला तितक्याच अंशांवर. पण साम्य तिथेच संपते. उयुनी साडेतीन हजार मीटरहून उंच, नाशिक सहाशे मीटरच्या आसपास. तिथे पीक उन्हाळ्यात वाढते, दिवस तेरा तासांचा असतो. इथे रब्बीत लावले तर डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा. दिवसाच्या लांबीला संवेदनशील वाण लहान दिवसात लवकर फुलतात, झाड खुजे राहते आणि उत्पादन घटते. निफाडची थंडी पिकाला मानवते. फेब्रुवारी-मार्चचे चढते ऊन मात्र उशिरा फुलणाऱ्या वाणाला दाणे भरतानाच गाठते आणि वर सांगितलेला पोचट दाण्याचा खेळ सुरू होतो.

हलक्या, मुरमाड जमिनीत कमी पाण्यावर पीक तगते का, यावर बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत काम झाले आहे. सिन्नर, येवला, नांदगाव या अवर्षणप्रवण तालुक्यांसाठी हा प्रश्न जवळचा आहे. तिथे तुलना टक्क्यावर न करता एकरी प्रथिनांवर करणे योग्य. समजा एक वाण एकरी ६ क्विंटल आणि १६ टक्के प्रथिने देतो, तर एकरी ९६ किलो प्रथिने मिळतात. दुसरा ८ क्विंटल आणि १३ टक्के देतो, तर १०४ किलो. कमी टक्क्याचा वाण इथे पुढे जातो. नत्राची मात्राही दोन्हीकडे सारखी हवी, कारण नत्र वाढवले की प्रथिने वाढतात आणि श्रेय उगाच वाणाला जाते.

बियाण्याची प्रत ही वेगळी बाब. क्विनोआ बहुतांशी स्वपरागित असला तरी काही टक्के परपरागीभवन होते, त्यामुळे शेजारी लावलेले वाण हळूहळू मिसळतात. रब्बीच्या शेतात चाकवत तणासारखा उगवतो. त्याचे बारीक काळे चकचकीत बी पांढऱ्या क्विनोआत लगेच दिसते, काळ्यात मात्र लपून जाते; काळ्या वाणाची शुद्धता तपासताना भिंग घ्यावेच. काढणीच्या वेळी अवकाळी आला तर दाणे कणसातच मोडावतात, कारण बऱ्याच वाणांत सुप्तावस्था जवळपास नसते. मार्चमध्ये मळलेले बियाणे ऑक्टोबरच्या पेरणीपर्यंत पावसाळा ओलांडून न्यावे लागते. दमट हवेत त्याची उगवण भराभर उतरते, म्हणून ते कडक वाळवून हवाबंद डब्यात ठेवतात आणि पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवतात ते मोजून घेतात.