बांधावरची बाटली

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. यावलकडच्या एका मळ्यात ठिबकच्या नळ्या अंथरून झाल्या होत्या आणि बागायती कापसाची सरकी लावायचं काम चालू होतं. सकाळचे साडेअकराच वाजले होते, पण माती चपलेतून भाजत होती. बांधावर निंबाच्या बुंध्याशी सात-आठ बाटल्या ओळीने ठेवलेल्या. बहुतेक कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या, अंगाला ओलं गोणपाट सुतळीने बांधलेलं. एका मावशींनी त्यातली एक उचलली, घोट घेतला आणि म्हणाल्या, "पानी तपी गयं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "सर, मोबाइलवर आलं होतं, उन्हात तापलेल्या बाटलीचं पाणी प्यालं की कॅन्सर होतो. पोरगी बाटली नेऊच देत नाही. खरं आहे का हो?"

मी रसायनशास्त्र शिकवतो. तिथे उभ्याउभ्या "तसं काही नाही, पण बाटली बदला" एवढंच बोललो. ते उत्तर अर्धवट होतं. उरलेलं इथे लिहितोय, कारण जळगाव, धुळे, नंदुरबारात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, कितीतरी गावांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि घरोघरी अशा बाटल्या भरून ठेवलेल्या असतात.

पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली ज्या प्लास्टिकची असते त्याचं नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे पेट. हे प्लास्टिक आपल्या अंगावरही असतं. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी ते तयार केलं ते कापडाच्या धाग्यासाठी. टेरिलीनचा, म्हणजे पॉलिएस्टरचा, शर्ट म्हणजे हेच. त्याची बाटली बनवण्याचं पेटंट अमेरिकेत नॅथॅनियल वायथ यांनी घेतलं १९७३ मध्ये. कापसाच्या शेतातल्या बांधावर पॉलिएस्टरच्या बाटलीत पाणी असतं, असं म्हटलं तरी चालेल.

नावातल्या 'फ्थॅलेट' या शब्दाने बराच घोळ घातला आहे. प्लास्टिक लवचीक करण्यासाठी फ्थॅलेट नावाची जी रसायनं घालतात, शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात म्हणून ज्यांच्यावर टीका होते, ती वेगळी. पेटची बाटली कडक राहण्यासाठी त्यांची गरजच नसते. तीच गोष्ट बिस्फेनॉल-ए ची, म्हणजे बीपीएची. बीपीए असतं पॉलिकार्बोनेटमध्ये. लग्नात, दुकानात दिसणारे निळसर, कडक, पारदर्शक २० लिटरचे जार पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचे असतात आणि त्यांच्या बुडाशी त्रिकोणात ७ हा आकडा असतो. (पेटचा आकडा १. हे आकडे प्लास्टिकचा प्रकार सांगतात, सुरक्षिततेचे गुण नव्हेत. शिवाय ७ म्हणजे 'इतर', त्यात बाकीची प्लास्टिकंही येतात.) बीपीएबद्दलची काळजी खरी आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याची रोजची सुरक्षित मर्यादा आधीपेक्षा २० हजार पटींनी खाली आणली. त्यामुळे ओरखडे पडून धुरकटलेला जुना जार उन्हात ठेवलेला दिसला की मला बरं वाटत नाही. पण मावशींच्या हातातल्या बाटलीचा बीपीएशी संबंध नाही.

आता कॅन्सरचा निरोप. तो फिरतोय वीसएक वर्षं, आधी ई-मेलवर, आता व्हॉट्सॲपवर. त्याची दोन मुळं आहेत. एक, २००१ साली अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठात एका विद्यार्थ्याने लिहिलेला पदव्युत्तर प्रबंध. पुन्हा वापरलेल्या बाटल्यांतल्या पाण्यात एक संशयास्पद रसायन सापडल्याचं त्यात होतं. ते रसायन पेटमध्ये घातलंच जात नाही. ते प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या प्लास्टिकमधून आलं असण्याची शक्यता जास्त होती, पण प्रबंध तज्ज्ञांच्या तपासणीतून जायच्या आधीच बातमी झाली. दुसरं मूळ डायॉक्सिनचं. तापलेल्या किंवा गोठवलेल्या बाटलीतून हे रसायन पाण्यात उतरतं, असा तो दावा. डायॉक्सिन अत्यंत घातक, यात शंका नाही. पण ते तयार व्हायला क्लोरीन लागतो आणि कित्येक शे अंशांची आग लागते. पेटमध्ये क्लोरीन नसतोच. उन्हात किंवा फ्रीजरमध्ये बाटली ठेवून डायॉक्सिन तयार होत नाही. उकिरड्यावर सगळ्या प्रकारचं प्लास्टिक एकत्र पेटवलं तर मात्र होऊ शकतं, आणि ते आपण बिनधास्त करतो.

मग बाटलीतून पाण्यात काहीच उतरत नाही का? उतरतं. पेट बनवताना क्रिया लवकर व्हावी म्हणून अँटिमनी या धातूचं संयुग वापरतात. अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी २००८ मध्ये मोजलं तेव्हा किलोभर प्लास्टिकमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास अँटिमनी भरलं. एक लिटरची बाटली साधारण २० ग्रॅमची धरली तर तिच्यात अँटिमनी चार मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पाण्यासाठीची मर्यादा लिटरला २० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्या चार मिलिग्रॅमचा दोनशेवा भाग. तेवढं तरी पाण्यात येतं का, हे ठरतं उष्णतेवर. त्याच संशोधकांनी बाटल्या वेगवेगळ्या तापमानाला ठेवून पाहिलं. अमेरिकेची मर्यादा आणखी कडक, लिटरला सहा मायक्रोग्रॅम. ६० अंशांना ठेवलेल्या पाण्याला ती ओलांडायला १७६ दिवस लागले. ७० अंशांना १२ दिवस. ८० अंशांना दोन-सव्वादोन दिवस.

हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहितो, कारण खान्देशातल्या उन्हाळ्याचं उत्तर त्यांच्यात आहे. निंबाखाली ओल्या गोणपाटातली बाटली साठ अंशांच्या जवळपासही जात नाही. गोणपाटातलं पाणी वाफ होताना बाटलीची उष्णता घेऊन जातं. पूर्वी ट्रकच्या पुढे, बैलगाडीच्या साटीला कॅनव्हासची छागल लटकायची, तिचंही शास्त्र हेच. सकाळी भरून संध्याकाळी संपणाऱ्या पाण्यात अँटिमनीची चिंता करायचं कारण नाही. पण काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत साठ अंश सहज होतात. पत्र्याच्या टपरीच्या बाहेर, उन्हात रचलेली बाटल्यांची खोकी पूर्ण उन्हाळा तापत असतात. तिथे दिवस मोजावे लागतात. नवी, सीलबंद बाटलीही त्यातून सुटत नाही. या एका बाबतीत आज सकाळी भरलेली जुनी बाटली बरी.

तापलेल्या बाटलीच्या पाण्याला जो गोडसर, प्लास्टिकचा म्हणून ओळखला जाणारा वास येतो, तो बहुधा ॲसिटाल्डिहाइडचा. पेट वितळवून बाटली घडवताना ते किंचित तयार होतं आणि नंतर पाण्यात झिरपतं. नाकाला ते फार थोड्या प्रमाणातही कळतं. रावेरच्या पिकलेल्या केळ्याच्या वासातही त्याचा वाटा असतो. वास आला म्हणजे विष उतरलं असं नाही. बाटली बरीच तापली होती, एवढंच तो सांगतो.

मावशींची बाटली मी हातात घेऊन पाहिली. आतून पांढरट धूसर थर होता, तो बोअरच्या खाऱ्या पाण्याचा क्षार. पोटाला चुण्या, आणि चुणीच्या रेषेवर बारीक पांढरे ओरखडे. झाकण काढलं आणि गळ्याच्या आट्यांवरून बोट फिरवलं, तर बोटाला बुळबुळीत, करडं काहीतरी लागलं. माझ्या मते अख्ख्या बाटलीत काळजीची जागा होती ती एवढीच, ती बुळबुळ.

ती जिवाणूंची वसाहत. तोंड लावून प्यालं की लाळ, अन्नाचे कण आणि तोंडातले जिवाणू आत जातात. सरकी लावता लावता मातीचे हात झाकणाला लागतात. कोमट पाणी, सावली, ओरखड्यांमधला आडोसा, आणखी काय हवं त्यांना? ते स्वतःभोवती चिकट थर विणतात आणि नुसतं पाणी खळबळून तो थर निघत नाही. कॅनडातल्या कॅलगरीत २००२ साली शाळकरी मुलांच्या बाटल्यांतलं पाणी तपासलं होतं. जवळपास दोनतृतीयांश नमुन्यांत जिवाणूंची संख्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली. काहींत तर विष्ठेतून येणारे जिवाणू होते, म्हणजे संडासाहून आलेले न धुतलेले हात. आपल्याकडे जून-जुलैत पहिल्या पावसाबरोबर जुलाब-उलट्यांची साथ येते, तेव्हा मला या आट्या आठवतात.

आमची आजी तांब्या तोंडाला लावू द्यायची नाही. "उष्टं करू नको, वरून पी." उष्ट्याचा नियम जातीपातीच्या शिवाशिवीसाठीही वापरला गेला आणि ते वाईटच झालं. पण एकाच भांड्यातून दहा जणांनी प्यायचं असेल तर वरून धार सोडून पिण्याइतका चांगला उपाय जीवशास्त्रानेही सुचवलेला नाही.

याच बाटलीची दुसरी बाजू फार थोड्यांना माहीत आहे. हीच पेटची बाटली आणि हेच ऊन पाणी शुद्ध करण्यासाठी वापरतात. बैरूतमधले आफ्तिम अक्रा यांनी १९८० च्या सुमाराला ही कल्पना मांडली, स्वित्झर्लंडच्या एआवाग या संस्थेने ती पुढे नेली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती मान्य केली. स्वच्छ, बिनरंगी, दोन लिटरपर्यंतची बाटली नितळ पाण्याने भरायची, लेबल काढायचं आणि कडक उन्हात पत्र्यावर आडवी ठेवायची. सहा तास. निम्म्याहून जास्त आभाळ असेल तर दोन दिवस. उन्हातले अतिनील-अ किरण पेटमधून आरपार जातात आणि जिवाणूंची मोडतोड करतात. पाणी पन्नास अंशांच्या वर गेलं तर काम आणखी लवकर होतं. पाणी पुरेसं नितळ आहे का, हे पाहायला भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी करून तोंडातून खाली बघायचं. अक्षरं वाचता आली पाहिजेत. पाझर तलावाचं गढूळ पाणी चालत नाही, आधी तुरटी फिरवून निवळावं लागतं. रासायनिक प्रदूषण यातून जात नाही आणि ओरखडे पडलेली बाटली चालत नाही. पण ज्या वस्तीत जळण नाही, फिल्टर नाही आणि ऊन भरपूर आहे, तिथे हे खरोखर उपयोगी आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर हे अजून फारसं पोचलेलं नाही, याची मला खंत वाटते.

सूक्ष्म प्लास्टिकचं उत्तर इतकं सरळ नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये दाखवलं की बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार कण असतात आणि त्यातले नव्वद टक्के अतिसूक्ष्म, नॅनो आकाराचे. हे नव्याकोऱ्या बाटल्यांतलं पाणी होतं. इटलीतल्या एका अभ्यासात झाकण पुन्हा पुन्हा उघडून-लावून पाहिलं, तेव्हा झाकण आणि आट्या घासून कण सुटताना दिसले. जर्मनीत परत घेऊन धुऊन भरलेल्या पेट बाटल्यांत एकदाच वापरायच्या बाटल्यांपेक्षा कितीतरी जास्त कण आढळले. या कणांनी शरीरात नेमकं काय बिघडतं याचं संशोधन चालू आहे. पण बाटली जितकी जुनी, चुरगळलेली आणि झाकण जितकं झिजलेलं, तितके कण जास्त, इतकं धरून चालावं. म्हणून चुण्या पडलेली, धुरकट झालेली बाटली मी भंगारात देतो.

'वापरानंतर बाटली चुरगळा' अशी सूचना लेबलवर असते. ती वाचून लोकांना वाटतं, पुन्हा वापरली तर विष होत असेल. खरं कारण रिकाम्या बाटल्या गोळा करून, साधं पाणी भरून नव्या म्हणून विकण्याचा धंदा. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेल्या भाविकांच्या वाटेवर रिकाम्या बाटल्यांचा खच पडतो. बाटली चुरगळली तर ती निदान या धंद्यात परत येत नाही.

काही दिवस तीच बाटली वापरायची असेल तर रोज साबणाच्या कोमट पाण्याने झाकणासकट धुवा आणि उपडी ठेवून पूर्ण कोरडी होऊ द्या. उकळतं पाणी ओतू नका. पेट सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडतं, बाटली डोळ्यांदेखत आक्रसते. बाटली तांदूळ किंवा खडेमीठ घालून खळबळवायची पद्धत आहे, तिने आतून ओरखडेच वाढतात. निमुळत्या गळ्यातून ब्रश जात नाही, ही या बाटलीची मूळ अडचण आहे आणि तिला उपाय नाही. रुंद तोंडाची स्टीलची बाटली म्हणूनच बरी. तिच्या झाकणातली रबरी चकती मात्र काढून बघा. तिच्याखाली काळी बुरशी धरते.

मावशींना 'बाटली बदला' म्हणत होतो तेव्हा मळ्याचे मालक जिभाऊ येऊन उभे राहिले. ओळीतली शेवटची बाटली अर्ध्या लिटरची होती, गोणपाट नसलेली. आत फिकट पिवळसर काहीतरी. "ती पाण्याची नाही," जिभाऊ म्हणाले, "बांधावर मारायचं तणनाशक आहे. पाच लिटरचा कॅन कुठे आणायचा, म्हणून थोडं काढून आणलं."

मला घाम फुटला तो उन्हाचा नव्हता. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं असावं, असं अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितलं. आपल्या कपाशीवर वर्षानुवर्षं मारलं गेलेलं औषध आहे ते. औषधाच्या डब्यात खायचं-प्यायचं भरणं आणि पाण्याच्या बाटलीत औषध भरणं, दोन्ही सारखंच घातक. प्लास्टिक औषध शोषून घेतं, तीनदा धुतलं तरी ते पूर्ण निघत नाही. पॅराक्वाटसारख्या तणनाशकावर तर उताराच नाही. रिकामे डबे पुन्हा कुणाच्या वापरात येणार नाहीत अशा रीतीने नष्ट करावेत, हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच आहे. संडास साफ करायचं ॲसिड, फिनेल, रॉकेल, सगळ्यांना हेच लागू. तहानलेलं पोर लेबल वाचत नाही, बाटलीचा आकार ओळखतं.

जिभाऊंनी वाद घातला नाही. खोपीत जाऊन तणनाशक मूळ कॅनमध्ये ओतलं, कॅन आढ्याला टांगला आणि साबण लावून हात धुतले. मग विळ्याने ती अर्ध्या लिटरची बाटली बुडापासून गळ्यापर्यंत उभी चिरली. मावशी तोवर आपल्या बाटलीवरचं गोणपाट सोडत होत्या. ते दुसऱ्या बाटलीला लागणार होतं.