पुढचे तेरा, मागचे पंचेचाळीस

"साहेब, पुढचं सॉकेट दोन दात्यांनी छोटं टाका, गाडीची पॉवर वाढेल."

ठाण्यात उपवनजवळच्या एका गॅरेजमध्ये हे वाक्य ऐकलं आणि घरी पोचेपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. गाडी माझ्या मित्राच्या वडिलांची, राजदूत जीटीएस १७५. १९७३ सालच्या 'बॉबी' चित्रपटामुळे तिला सगळे बॉबीच म्हणतात. बुटकी, लहान चाकांची, टू-स्ट्रोक, तीन गिअरची. सपाटीवर छान पळते. पण डबल सीट येऊरचा डोंगर चढायला घेतली की तिसऱ्यात गुदमरते, दुसऱ्यात किंचाळते, आणि मधलं काही तिच्याकडे नाहीच.

मेकॅनिकचा उपाय निम्मा बरोबर होता, कारण मात्र साफ चूक. सॉकेट (पुस्तकात स्प्रॉकेट, चेन ज्यावर चढते ते दातेरी चक्र) पॉवर तयार करत नाही. पॉवर म्हणजे बल गुणिले वेग. इंजिन जेवढी देईल तेवढीच चाकापाशी पोचते, वाटेत थोडी घर्षणात जाते. दातेरी चक्र फक्त वाटणी ठरवतं: वेग कमी घ्या, बल जास्त मिळेल. पहारीने धोंडा हलवताना आपण हेच करतो, हात लांबवर फिरतो आणि धोंडा बोटभर सरकतो. मग चढावर फरक का पडतो? टू-स्ट्रोक इंजिन फेऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यातच नीट ओढतं. चढावर तिसऱ्या गिअरात फेरे त्या पट्ट्याच्या खाली घसरतात. चेनचं गुणोत्तर (मागचे दाते भागिले पुढचे) वाढवलं की त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि पुन्हा पट्ट्यात येतं. पिकअप वाढतो तो एवढ्यामुळे.

पेट्रोलच्या नळीला लावायचे जे लोहचुंबक 'पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढवा' म्हणून विकले जातात, त्यांच्यामागे असलं कुठलंही गणित नाही. चुंबकाचा पेट्रोलवर होणारा परिणाम इतका नगण्य असतो की त्याने ज्वलनात काही बदलत नाही. ते पैसे चांगल्या चेनवर घाला.

बदलण्याआधी आत्ता काय बसवलंय ते ओळखायला हवं. पन्नास वर्षांत गाडी किती हातांतून गेली असेल, तेव्हा छापील आकड्यांवर विसंबू नका, दाते मोजा. खडूने एका दात्यावर खूण करा म्हणजे चुकणार नाही. आम्हाला पुढे १४ आणि मागे ४२ मिळाले, म्हणजे गुणोत्तर ३. चेनच्या दहा कड्या ताणून मोजल्या तर १२७ मिलिमीटर, म्हणजे एक कडी अर्ध्या इंचाची.

एकूण गुणोत्तरासाठी (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) इंजिन उघडावं लागत नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका, प्लग काढून त्या भोकात लांब स्ट्रॉ उभी धरा. मागचं चाक हाताने दहा वेळा फिरवा आणि पिस्टनने स्ट्रॉ किती वेळा वर ढकलली ते मोजा. समजा ६५ वेळा ढकलली, तर गुणोत्तर ६.५. आता टायरवर खूण करून, गाडीवर माणूस बसवून, एका फेऱ्यात ती किती पुढे जाते ते जमिनीवर मोजा. समजा १३५ सेंटिमीटर. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर.

गुणोत्तर ३ वरून ३.५ करायचं तर दोन वाटा आहेत: पुढे १२ टाका, नाहीतर मागे ४९. पहिली वाट स्वस्त आणि अर्ध्या तासाची. तरीही मी मित्राला ती घेऊ दिली नाही, आणि त्याचं कारण मला यंत्रांमधलं सर्वांत सुंदर वाटतं.

वीस रुपयांचं नाणं घ्या. ते गोल नाही, बारा बाजूंचं आहे. टेबलावर उभं धरून हळूच घरंगळवा. कोपऱ्यावर आलं की त्याचं केंद्र उचललं जातं, सपाट बाजूवर आलं की खाली बसतं. चेनचंही असंच होतं. चेन दोरीसारखी कुठेही वाकत नाही, फक्त पिनांपाशी वाकते. म्हणून १२ दात्यांवर ती वर्तुळ करत नाही, बारा बाजूंचा बहुभुज करते. कोपरा वर असताना चेन केंद्रापासून २४.५ मिलिमीटरवर, बाजू वर असताना २३.७ वर. सॉकेट एकाच गतीने फिरत असलं तरी लांबच्या बिंदूचा वेग जास्त, जवळच्याचा कमी. म्हणजे चेन दर दात्याला एक हिसका खाते. हा चढउतार १ वजा कोसाइन (१८० भागिले दाते) एवढा असतो. १२ दात्यांना ३.४ टक्के, १३ ना २.९, १४ ना २.५. वरच्या उदाहरणात ५००० फेऱ्यांना पुढचं सॉकेट सेकंदाला ३८ वेळा फिरतं, म्हणजे सेकंदाला ४६० हिसके. चेनच्या घरघरीत त्यांचा मोठा वाटा असतो. त्यात प्रत्येक कडी १४ दात्यांवर २५.७ अंशांत वाकायची, ती १२ वर ३० अंशांत वाकते, आणि त्रिज्या घटल्याने चेनवरचा ताण १७ टक्क्यांनी वाढतो. पिना झिजणारच.

पण ४९ दात्यांचं चक्र म्हणजे जवळपास २० सेंटिमीटर व्यास. मोठ्या गाडीला चालेल, एवढ्याशा चाकाच्या गाडीत चेन कव्हरला घासते. म्हणून आम्ही मध्ये थांबलो: १३ आणि ४५, गुणोत्तर ३.४६.

तेरा आणखी एका कारणासाठी. शाळेतला मसावि आठवा. चेनमध्ये आतली आणि बाहेरची कडी आळीपाळीने येते, म्हणून एकूण कड्या सम असतात. पुढचे दातेही सम असतील तर एक दाता कायम आतल्याच कड्यांत जातो, शेजारचा कायम बाहेरच्यांत, आणि झीज दोघांची वेगळी. १०० कड्या आणि १३ दाते यांचा मसावि १, म्हणजे प्रत्येक दाता प्रत्येक कडीला कधीतरी भेटतो. १०४ कड्यांची चेन असती तर मात्र तेरा नको होते. १०४ ला तेराने पूर्ण भाग जातो.

दुसऱ्या गाडीचं ४५ दात्यांचं तयार चक्र आणून वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडून मधलं भोक मोठं करून घेतलं आणि बोल्टची भोकं नव्याने पाडून घेतली. चाक सात-आठ मिलिमीटर पुढे सरकवलं, जुनीच लांबी पुरली. नव्या सॉकेटांवर जुनी ताणलेली चेन चढवू नका, ती नवे दातेही खाते. आम्ही चेनही नवी घातली.

परवा डबल सीट येऊरला गेलो. पहिल्या मोठ्या वळणावर गाडी दुसऱ्यात चढली, आणि पुढच्या सरळ तुकड्यावर तिसरा टाकला तर तोही टिकला. घोडबंदर रोडवर ५००० फेऱ्यांना आता ५४ चाच वेग येतो. काकांना विचारलं, चालेल का? म्हणाले, "मी पन्नासच्या पुढे कधी नेलीच नाही रे."